महिपतीनं पारखून आणलेली गाडी

कासारगावात महिपती नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? एकदा त्याला लग्नाची पत्रिका आली. खाली छापलं होतं, 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.' महिपती गेला, नवरानवरीपुढे उभा राहिला, म्हणाला, "घ्या." आणि तिथंच राहिला. दोन दिवस झाले, चार झाले, मांडव सुटला, पाहुणे गेले, महिपती काही हलेना. शेवटी नवऱ्याच्या बापानं हात जोडले. महिपती म्हणाला, "असं कसं? दिलेला आहेर परत नेतात का कुठं?" नवव्या दिवशी त्याची बायको शालन येऊन त्याला घेऊन गेली. असा गडी.

शालन मात्र हुशार. आता हुशार बाईला असा नवरा का मिळतो, ते मला विचारू नका.

तर शालनचं माहेर होतं हरणखिंडीच्या घाटापलीकडं. त्या घाटातनं एस.टी. जात नव्हती. घरची एक जुनी जीप होती, ती घाटाच्या तिसऱ्या वळणावर बंद पडायची. दर वेळी. भावाच्या लग्नाला शालन पोचली तेव्हा पंगती उठल्या होत्या. भाच्याच्या बारशाला पोचली तेव्हा पोरगं पाळण्यातून उतरून रांगत होतं, असं ती सांगायची. थोडं वाढवून सांगायची, पण थोडंच. आणि आता तिच्या धाकट्या बहिणीचं, नंदाचं लग्न निघालं. शनिवारी, दुपारी साडेबाराचा मुहूर्त.

शालन म्हणाली, "अहो, यंदा केळीनं हात दिलाय. चांगली गाडी घ्या. तीन-चार वर्षांची चालेल, पण घाटात दगा देणारी नको. मागं डिकी पाहिजे, आहेराच्या साड्या ठेवायला. आणि एक सांगते, नंदाच्या डोक्यावर माझ्या हातच्या अक्षता पडल्या नाहीत, तर मी माहेरीच राहीन. या घरात परत येणार नाही."

महिपतीच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोवर त्याचा फार जीव होता. तो तडक फाट्यावरच्या दस्तगीर मिस्त्रींकडे गेला. दस्तगीरचाचांची चाळीस वर्षं गाड्यांखाली पाठ टेकण्यात गेली होती.

चाचा म्हणाले, "मैपती, रंगाला भुलू नकोस. आधी बॉनेटवर हात ठेव. गार लागलं पाहिजे. गरम लागलं तर समज, मालकानं आधीच सुरू करून तापवून ठेवलीय, काहीतरी लपवतोय. मग एक शब्द बोलायचा नाही. सरळ परत यायचं."

मंगळवारी सकाळी महिपती तालुक्याला गेला. देशिंगे मास्तरांची पांढरी गाडी विकायची होती. महिपतीनं किल्ली फिरवली, इंजिन एका दमात सुरू झालं. बाजार समितीपर्यंत गाडी नेली, परत आणली. काय चालली! पोटातलं पाणी हललं नाही. मास्तरांनी पेढे मागवले. महिपतीनं खिशात हात घातला आणि त्याला आठवलं. बॉनेटला हात लावायचा राहिला होता! त्यानं लावला. चटका बसला.

महिपतीनं मास्तरांकडे एकदा रोखून बघितलं आणि चालू लागला.

"अहो, काय झालं?" मास्तर मागं धावले.

महिपतीनं तोंडावर बोट ठेवलं. एक शब्द बोलायचा नव्हता ना! मास्तर पेढ्याचा पुडा घेऊन स्टँडपर्यंत आले. महिपतीनं एस.टी.ची खिडकी लावून घेतली.

घरी शालननं विचारलं, "आली का गाडी?"

"येतच होती," महिपती म्हणाला.

चाचांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, चालवल्यावर इंजिन तापणारच! हात आधी लावायचा. सगळ्याच्या आधी."

"असं सांगायचं ना मग!"

"आता सांगतो. आधी हात लाव. मग मागं जाऊन उभा राहा आणि धूर बघ. निळा धूर दिसला तर इंजिन ऑइल पितंय. ती गाडी फुकट दिली तरी घ्यायची नाही."

बुधवारी महिपती डॉक्टरीणबाईंच्या दारात. त्यांची गाडी करड्या रंगाची, कमी चाललेली, आरशासारखी पुसलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसा, आधी चहा घ्या." महिपतीनं आधी कपाला हात लावला. गरम!

"हा तुम्ही मी यायच्या आधीच तापवून ठेवलात?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग काहीतरी लपवताय," महिपती म्हणाला आणि कप बाजूला सारला. बाईंना वाटलं, साखर बंद असेल.

मग तो बॉनेटला हात लावायला गेला. गार! महिपती खूश झाला. मागं जाऊन उभा राहिला. आणि बघतो तर काय, निळाशार धूर! डोळे चुरचुरले. गाडी अजून कुणी सुरूही केली नव्हती.

"नको बाई, तुमची गाडी ऑइल पितेय."

"अहो, तो भिंतीपलीकडचा धूर आहे! शेजारच्या गोडसेंचा बंब पेटलाय आंघोळीला."

"असं होय," महिपती म्हणाला. पण निळा धूर दिसला तो दिसलाच, म्हणून तो गाडी न घेताच निघाला. जाताना तो गोडसेंकडे डोकावला. गोडसे पंचा नेसून उभे होते. "काका, तुमचा बंब ऑइल पितोय. कुणी फुकट दिला तरी घेऊ नका." गोडसे म्हणाले, तो त्यांचाच आहे. महिपतीला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी शालननं विचारलं, "आली का गाडी?"

"येतच होती."

शालननं आहेराच्या साड्यांची पिशवी उचलून दुसऱ्या कोनाड्यात ठेवली. जरा आपटूनच ठेवली.

चाचांनी या वेळी कपाळाला दोन्ही हात लावले. "मैपती, तुझे डोळेच वाईट आहेत बघ. ते नको ते बघतात. आता असं कर. इंजिनाचं राहू दे, गिअरबॉक्स बघ. गाडी चालू असली की डोळे घट्ट मीट आणि कान उघडे ठेव. दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना करकर ऐकू आली, की उतरून सरळ घरी ये."

गुरुवारी रणदिवे वकिलांची निळी गाडी. वकील शेजारी बसले. महिपतीनं हात लावला, बॉनेट गार. धूर नाही. गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, रस्त्याला लागला आणि डोळे घट्ट मिटले.

"अहो, डोळे!" वकील म्हणाले.

"शूऽ. ऐकू द्या."

"अहो, भिंत! भिंत!"

"वकीलसाहेब, जरा गप्प बसा हो, तिसरा पडतोय."

तिसरा पडला. आणि त्याच वेळी डाव्या अंगाला कर्रर्रर्र झालं. मारुतीच्या देवळाच्या भिंतीला गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत गेली. महिपतीनं ब्रेक दाबला, डोळे उघडले, मान हलवली.

"सांगायला वाईट वाटतं साहेब, पण तुमच्या गिअरबॉक्समध्ये दोष आहे." एवढं म्हणून तो उतरला आणि सरळ घरी आला. वकिलांची वीस वर्षं कोर्टात गेली होती, पण त्या दिवशी त्यांना एक कलम आठवलं नाही.

त्या संध्याकाळी शालननं काही विचारलंच नाही. ती चुलीपुढं बसून रडत होती. महिपती तिच्या शेजारी जाऊन बसला.

"आणतो गं. आई शप्पथ आणतो."

"कधी? परवा लग्न आहे! धाकटी आहे हो ती माझी. आई गेल्यावर मी वाढवलीय तिला."

महिपतीच्याही डोळ्यांत पाणी आलं. भोळा असला तरी काळीज होतं त्याला. तो उठला, फाट्यावर गेला आणि चाचांचे पाय धरले. चाचा विरघळले. म्हणाले, "चल. उद्या मीच येतो."

शुक्रवारी सकाळी दोघं वकिलांकडे गेले. वकील आधी दाराआड उभे राहिले, पण चाचांची दाढी बघून बाहेर आले. चाचांनी गार इंजिन सुरू करून बघितलं. ऑइलची पट्टी ओढून बोटांवर ऑइल चोळून बघितलं. सर्व्हिसचं पुस्तक पानन् पान वाचलं. गाडी चढावर नेली, मध्येच थांबवली, पुन्हा उचलली. सगळे गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडले. चाचा खाली उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "मैपती, डोळे मिटून घे." मग घाईनं म्हणाले, "नको नको, उघडेच ठेव. पण ही घे. असं इंजिन दहात एक नसतं."

महिपती मात्र गाडीच्या डाव्या अंगाला तोंड पाडून उभा होता. दोन्ही दारं खरवडून निघाली होती. "चाचा, शालन काय म्हणेल?"

"अरे, पत्र्याकडं काय बघतोस!" चाचा ओरडले. "गाडी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. ते दोन जप. बाकी नुसता पत्रा आहे. पत्र्यात कसला जीव अडकवतोस?"

"असं सांगायचं ना आधी," महिपती म्हणाला आणि त्याचा चेहरा खुलला.

व्यवहार झाला. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. महिपतीनं शालनला फोन केला. "गाडी घेतली! चाचांनी स्वतः बघितली. संध्याकाळी दारात!" शालन फोनवर हसली आणि मग रडली. तिनं अंगण सारवलं, आरतीचं ताट केलं, चाकाखाली ठेवायला लिंबं काढली आणि सगळ्या आळीला बोलावणं धाडलं.

इकडं महिपती निघाला. गावाच्या वेशीबाहेर भंगाराचं दुकान होतं. मालक दारात उभा राहून हाका देत होता, "पत्राऽ, लोखंडऽ, डबा, बाटलीऽ!"

महिपतीनं गाडी थांबवली. "पत्रा घेता?"

"घेतो की. कुठाय?"

"हा काय," महिपती म्हणाला आणि टपावर थाप मारली. "इंजिन आणि गिअरबॉक्स तेवढा काढून द्या. बाकी तुम्हाला."

भंगारवाला सज्जन होता. त्यानं महिपतीच्या तोंडाचा वास घेतला. मग विचारलं, "दादा, सगळं?" महिपती म्हणाला, सगळं. "दारं?" पत्रा. "डिकी?" पत्रा. "विचार करा हो दादा."

"विचार मिस्त्रींनी केलाय. चाळीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना."

भंगारवाल्यानं साखळी-कप्पी लावली. चार माणसं भिडली. इंजिन आणि गिअरबॉक्स काढून, नव्या गोणपाटात गुंडाळून, भाड्याच्या टेम्पोत चढवले. महिपती मागं त्यांच्याजवळ बसला. त्यांना जपायचं होतं ना!

दिवस कलताना टेम्पो दारात आला. बायका पुढं सरसावल्या. शालन ताट घेऊन टेम्पोच्या मागं बघायला लागली.

"गाडी मागनं येतेय का?"

"ही काय!" महिपतीनं गोणपाट बाजूला केलं. "बघ तरी. दहात एक नसतं असं!"

शालननं बघितलं. बराच वेळ बघितलं. "आणि बाकीची?"

"बाकी नुसता पत्रा होता. देऊन टाकला."

आळीतली एक बाई हसायला लागली, मग दुसरी, मग सगळी आळी. शालन तेवढी हसली नाही. तिनं ताट शेजारणीच्या हातात दिलं. घरात गेली, साड्यांची पिशवी घेऊन आली आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.

"दादा, हरणखिंडीपलीकडं चला. आत्ताच्या आत्ता. भाडं काय होईल ते हे देतील."

महिपती मागं बसला तसाच बसून राहिला. टेम्पो घाट चढला, तिसरं वळण गेलं, दहावं गेलं, आणि शालन आयुष्यात पहिल्यांदा माहेरी वेळेवर पोचली. वेळेवर कसली, आदल्या दिवशी, नंदाला हळद लावायला. बहिणी गळ्यात पडून रडल्या. दुसऱ्या दिवशी साडेबाराला तिच्या हातच्या अक्षता नंदाच्या डोक्यावर पडल्या, आणि शालनचा राग त्या मांडवातच निवळला.

जेवणं चालू असताना महिपतीचा फोन वाजला. चाचा होते. त्यांना कुणी अजून काही सांगितलं नव्हतं.

"काय मैपती, घाटात कशी चालली?"

"चाचा, काय सांगू!" महिपती म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता. "आख्खा घाट चढली, एकदा बंद पडली नाही. आणि आवाज? आवाज म्हणून नाही. मी वाटभर कान लावून बसलो होतो."

"बघ! म्हटलं नव्हतं? आणि पेट्रोल किती खाल्लं?"

"पेट्रोल?" महिपती म्हणाला. "एक थेंब नाही, चाचा!"