नाव पुसलेल्या बाटल्या

सातपुड्याच्या एका खोऱ्यातली बिवळ्याची झाडं रोगाने एकामागून एक वाळली. एकच झाड तगलं. पुढे त्याच्यावर वीज पडली आणि दोनच फांद्या हिरव्या उरल्या. तालुक्याच्या छोट्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या इंदुमतीबाईंनी ठरवलं, रोगाला पुरून उरलेल्या याच झाडाची रोपं करायची.

एक फांदी त्यांनी आणली. तिचे डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, काढून बाटल्यांतल्या थलथलीत खाद्यावर लावले. हात बसावा म्हणून रोपवाटिकेतल्या साध्या बिवळ्याचे डोळेही शेजारीच लावले. वर्षभरात दीडशे बाटल्यांत हिरवी रोपं उभी राहिली.

आणि मग घोटाळा बाईंच्या लक्षात आला. बाटली कपाटात ठेवण्यापूर्वी स्पिरिटने पुसायची, हा तिथला शिरस्ता. तो त्यांनी इमानाने पाळला होता. त्यात काचेवर शाईने लिहिलेली झाडांची नावंच पुसली गेली होती. दोन्हींची रोपं दिसायला सारखीच; तपासून ओळखायची सोय तिथे नव्हती.

सहकारी देवधर हसले. "बाई, झाडाला आधार कार्ड नसतं. द्या खोऱ्यात लावायला. कुणाला कळतंय?"

"रोगाला कळेल," बाई म्हणाल्या. "आणि तोवर मूळ झाड उरलेलं नसेल."

ती सगळी रोपं त्यांनी शहरातल्या रस्त्यांकडेला लावायला देऊन टाकली. मग खोऱ्यात जाऊन झाडाची राखण करणाऱ्या सोनजी वळवींना आपली चूक सांगितली.

सोनजींनी वर झाडाकडे पाहिलं. "आमच्या शेळ्या रानात हरवत नाहीत, बाई. तुमचं झाड बाटलीत हरवलं होय?"

सोनजी झाडावर चढले आणि उरलेली फांदी तोडून त्यांच्या हातात दिली. "घ्या. आता दुसरी नाही."

या वेळी बाईंनी नावं पेन्सिलीने कागदावर लिहून चिकटपट्टीखाली लावली. नऊ डोळ्यांपैकी पाच बुरशीने गेले, तीन काळे पडले. उरलेल्या एकाला फुटवे आले, पण मुळं फुटेनात. बाईंनी खाद्य बदललं. पुन्हा बदललं. अकरा वेळा बदललं. बाराव्या वेळी एका फुटव्याखाली मुळाचा पांढरा धागा दिसला. त्यातून पुढे चाळीस रोपं झाली.

लावणीच्या दिवशी सोनजींनी एक रोप उचललं. "हेच ना, बाई?"

"हेच."

सोनजींनी पुढे काही विचारलं नाही. खाली बसून ते खड्ड्यात माती लोटू लागले.

तात्पर्य: चूक लपवली तर काम लवकर संपल्यासारखं दिसतं, ती सांगून नव्याने कामाला लागणाऱ्याचा मात्र एक शब्दही पुरतो.