साळुंकीला सगळे गोडच सांगायचे

फार पूर्वी, नद्यांवर पूल नव्हते आणि पक्ष्यांना माणसांशी बोलायचा कंटाळा आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

एक रुंद नदी होती. तिच्या अलीकडच्या काठावर उंबराचं मोठं झाड होतं आणि झाडाखाली होड्या लागायच्या. नावाडी बरेच होते. काही हुशार, काही आळशी, काही नुसतेच बडबडे. लांबून आलेल्या वाटसरूला काय कळणार, कुणाच्या होडीत बसावं? आणि ही नदी वरून शांत दिसायची, पण पोटात खडक बाळगून होती.

त्या उंबरावर एक साळुंकी राहायची. जो कुणी होडीतून उतरेल त्याला ती विचारायची, "कसा झाला प्रवास?" उतरणारा जे सांगेल ते ती लक्षात ठेवायची. कुणाबद्दल लोक चांगलं बोलले, कुणाबद्दल वाईट, सगळं तिच्या एवढ्याशा डोक्यात पक्कं. मग नवा वाटसरू आला की ती सांगायची, "या होडीत बसा. त्या होडीत बसू नका."

साळुंकी प्रामाणिक होती. एका नावाड्यानं एकदा तिच्यापुढे राळ्याचे दाणे टाकले आणि डोळा मिचकावला. तिनं दाण्यांना चोच लावली नाही. उलट पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या प्रत्येकाला त्या दाण्यांची गोष्ट सांगितली. नावाड्याच्या घरच्यांची साक्ष तर ती घ्यायचीच नाही. "घरचे घरच्यांचं कौतुकच करणार," म्हणायची.

लोकांचा तिच्यावर विश्वास बसला. इतका बसला, की पूर्वी लोक होडीचा तळ वाकून पाहायचे, पाण्याचा रंग पाहायचे, नावाड्याला दोन प्रश्न विचारायचे, ते सगळं बंद झालं. आता ते फक्त मान वर करून झाडाकडे पाहायचे.

साळुंकी सर्वांत आधी सांगायची, "सिदूआबांच्या होडीत बसा."

सिदूआबा खरोखरच मोठा नावाडी. कुठला खडक कुठे दबा धरून बसलाय हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. भर पुरात त्यांनी माणसं पार नेली होती. त्यांना घरचं माणूस एकच, नात येसू. तिचे आईबाप तापाच्या साथीत गेले तेव्हापासून आबांनीच तिला वाढवलं. होडीच्या तळाशी गोधडी घालून तिला निजवायचे आणि वल्ही मारायचे. आता येसू मोठी झाली होती आणि होडीच्या पुढच्या टोकाला बांबू घेऊन उभी राहायची.

त्यामुळेच तिला सगळ्यांच्या आधी कळलं. आबांच्या डोळ्यांवर दुधाच्या सायीसारखा पडदा येत होता.

आधी ती हळूच म्हणायची, "आबा, जरा उजवीकडे." मग मोठ्यानं म्हणावं लागलं. मग एक दिवस म्हणायलाही उशीर झाला. होडी खडकावर आदळली, पाणी आत आलं आणि एका व्यापाऱ्याच्या गुळाच्या ढेपा विरघळल्या. कसेबसे सगळे काठाला लागले.

उंबरावरून साळुंकीनं विचारलं, "कसा झाला प्रवास?"

व्यापारी धोतर पिळत होता. त्या पाण्यालाही गोड वास येत होता. तो म्हणाला, "उत्तम! आबांसारखा नावाडी नाही."

"उत्तम, उत्तम," बाकीचेही म्हणाले आणि शिंकले.

येसूनं व्यापाऱ्याला वाटेत गाठलं. "काका, तुमचा गूळ नदीनं खाल्ला. आणि उत्तम?"

"हळू बोल, पोरी," व्यापारी म्हणाला. "माझ्या बापाला आबांनी पार नेलं होतं. अशा माणसाला या वयात नावं ठेवायची? मोठ्यांचा काही मान असतो."

"आणि तुमच्यामागून जो बसेल त्याचं काय?"

"त्याचं तो बघेल." व्यापारी निघून गेला. मात्र जाताना त्यानं आपल्या भावाला कानात सांगितलं की परत येताना दुसरी होडी बघू.

मोठ्यांचा मान राखण्यासाठी मोठ्यांनाच खडकावर नेऊन सोडायचं, ही रीत कुणी काढली असेल? पण त्या काठावर ती रीत होती, आणि सगळे ती मोठ्या अभिमानानं पाळत होते. ज्यांची डोकी फुटली त्यांनीही फडकं बांधून "उत्तम" म्हटलं. साळुंकी ऐकत होती आणि लक्षात ठेवत होती.

येसू तरी कुठे बोलली होती? रोज संध्याकाळी भाकरी खाताना आबा विचारायचे, "काय म्हणाली गं साळूबाई आज?" येसू म्हणायची, "तुमच्याच होडीत बसा म्हणाली." आबांचा सुरकुतलेला चेहरा एवढा उजळायचा, की खरं सांगायचं ती उद्यावर ढकलायची. होडी गेली तर आबांकडे उरणार काय? म्हणून दुसऱ्या दिवशी ती बांबू आणखी घट्ट धरायची.

मग एका सकाळी नदी चढली. पाणी गढूळ झालं आणि खडक सगळे बुडाले. त्याच सकाळी एक बाळंतीण काठावर आली, कुशीत महिन्याचं बाळ. माहेराहून सासरी निघाली होती. सोबत तिचे चुलते होते. त्यांनी मान वर केली. "साळूबाई, कुणाच्या होडीत बसू?"

"सिदूआबांच्या," साळुंकी म्हणाली.

"झालं तर मग," चुलते म्हणाले.

येसूनं बाळाकडे पाहिलं. ते झोपेत ओठ हलवत होतं. तिनं बांबू खाली टाकला, धावत झाडाखाली गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "साळूबाई, आजोबांना दिसत नाही. तुझं बोलणं मागे घे."

साळुंकीनं मान तिरकी केली. "नावाड्याच्या घरच्यांचं मी ऐकत नाही."

"का ऐकत नाहीस?"

"घरचे कौतुक करतात म्हणून."

"मग मी कौतुक करतेय का?"

साळुंकी घुटमळली, पण क्षणभरच. ती काही वेडी नव्हती. "नाही. पण आबा उतरले की वल्ही तुझ्या हातात येतील. तुझाही फायदा आहेच की. आणि इतकी माणसं एक सांगतात, तू एकटी दुसरं सांगतेस. मी कुणाचं धरू?"

येसूचे डोळे भरून आले, पण आवाज चढला. "इतकी माणसं! त्यांतलं एक तरी खरं बोललं का? धोतर पिळत उत्तम म्हणाला, ते धोतर नाही दिसलं तुला? तू शब्द तेवढे गोळा करतेस, साळूबाई. माझंही नको धरूस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. खाली उतर आणि स्वतः बघ!"

साळुंकीला आजवर असं कुणी बोललं नव्हतं. तिला राग आला. पण प्रामाणिक माणसाला, आणि पक्ष्यालाही, राग आला तरी प्रश्न टोचतो. ती झाडावरून उडाली. अगदी न बोलता जाऊन होडीच्या पुढच्या टोकावर बसली, आबांपासून हातभर अंतरावर, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

बाळंतीण आणि चुलते होडीत बसत होते. आबांनी वल्ही उचलली, समोर पाहिलं आणि हाक मारली, "येसू, ही चिंधी कुणी टाकली गं पुढे? उचल, पायात येईल."



चुलत्यांनी चिंधी शोधायला इकडेतिकडे पाहिलं. मग साळुंकीकडे पाहिलं. मग आबांकडे. आणि बाळंतिणीनं बाळ छातीशी घट्ट धरलं.

चिंधी उचलायला कुणी पुढे आलं नाही, तशी आबांनी वल्ही खाली ठेवली. "चिंधी नाही का ती?"

"मी आहे, आबा," साळुंकी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी साळुंकी."

आबांनी हात पुढे केला. चाचपडत चाचपडत त्यांचं बोट तिच्या पिसांना लागलं. ती उडाली नाही.

येसू गुडघाभर पाण्यात उभी होती. "आबा, मी सांगितलं तिला. मीच सांगितलं. मारा मला."

"मारू कशाला?" आबा म्हणाले. त्यांनी वल्ही बाजूला सरकवली. मग म्हणाले, "तुला एक सांगू? त्या दिवशी गूळ वाहून गेला, तेव्हा मी वाट बघत होतो. म्हटलं, उतरणारं कुणीतरी बोलेल, आबा, आज चुकलात. तेवढं कुणी म्हटलं असतं तर त्याच दिवशी होडी बांधून ठेवली असती. पण सगळे उत्तम म्हणाले. मला वाटलं, माझे डोळे ठीक असतील, मनच म्हातारं झालं असेल. माझ्या डोळ्यांपेक्षा माझा लोकांवर जास्त विश्वास होता, पोरी."

येसू होडीत चढली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आबा तिला थोपटत राहिले, लहानपणी गोधडीत थोपटायचे तसेच.

इकडे चुलते घायकुतीला आले होते. "अहो साळूबाई, मग आज कुणाच्या होडीत बसायचं ते तरी सांगा!"

साळुंकी म्हणाली, "मला माहीत नाही."

काठावरच्या सगळ्या माना वळल्या. असं ती कधीच म्हणाली नव्हती.

"खरंच माहीत नाही," ती म्हणाली. "मला जे ठाऊक आहे ते सगळं मान राखून सांगितलेलं आहे. त्यात खरं किती, ते मला पुन्हा पाहावं लागेल."

आबांनी कान पाण्याकडे केला. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आज कुणीच जाऊ नका. वर कुठेतरी काठ ढासळलाय. झाडं वाहत येतील." चुलते कुरकुरले. पण दुपारच्या आत एक आख्खा आंबा मुळांसकट वाहत आला आणि ज्या वाटेनं होड्या जातात त्याच वाटेवरून धडधडत गेला. त्यानंतर चुलते कुरकुरले नाहीत.

बाळंतीण त्या रात्री आबांच्या झोपडीत राहिली. सकाळी पाणी ओसरलं, तशी ती स्वतः उठली आणि होड्यांचे तळ वाकून पाहू लागली. शेवटी येसूपुढे येऊन उभी राहिली. "तू नेशील?"

"अगं, काय करतेस!" चुलते ओरडले. "या पोरीबद्दल साळूबाईकडे एकाचाही शब्द नाही. चांगला नाही, वाईट नाही, काहीच नाही!"

"काका," बाळंतीण म्हणाली, "आजोबा जिवापेक्षा प्यारे असताना जी त्यांच्याबद्दल खरं बोलली, ती पाण्याबद्दल मला खोटं सांगेल?"

 चुलते धोतर सावरत होडीत बसले. आबाही बसले. या वेळी वल्ह्यांपाशी नाही, मधल्या फळीवर, बाळाशेजारी.

येसूनं होडी पलीकडे नेली. बाळंतीण सासरी पोचली. होडी परत आली तेव्हा साळुंकी खालच्या फांदीवर येऊन बसली होती. यापुढे तिथेच बसायचं, असं ती ठरवून आली होती, उतरणाऱ्यांचे ओले पाय तिथून दिसायचे. आता ती "कसा झाला प्रवास?" असं विचारत नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "काय काय झालं, सांगा. घरचे असलात तरी सांगा. मी ताडून बघेन."

आबा सावकाश काठावर उतरले. "मोठ्या खडकापाशी पोरीचा हात घाईत होता," ते म्हणाले. "मधल्या धारेत होडी जरा जास्तच डावीकडे गेली. ते सुधारायला हवं."

येसूनं मान खाली घातली. "आणि पुढे?" साळुंकीनं विचारलं.

"पुढचं मला माहीत नाही," आबा म्हणाले. "जन्मभर या नदीवर एकदाही डोळा मिटला नव्हता. आज झोप लागली."

तात्पर्य : ज्याच्यावर माया आहे त्याला खरं सांगावं, आणि ज्याच्यावर विश्वास टाकायचा त्याच्याबद्दल 'कशावरून?' असं विचारावं. नुसत्या गोड बोलण्यावर वाढलेला लौकिक शेवटी सगळ्यांनाच बुडवतो.