भट्टीमाळच्या त्रेसष्ट घरांचे आडनाव

उपळगडाच्या माचीवर भट्टीमाळ नावाचे गाव आहे. गावात शिरलेला पाहुणा पहिल्या दारावरची पाटी वाचतो, ‘सोपान बाळू फोर्निये’, आणि त्याला वाटते, रंगाऱ्याने काहीतरी घोळ घातला. पुढच्या दारावरही फोर्निये. त्याच्या पुढच्यावरही. पाटलाचे घर फोर्निये, गुरवाचे फोर्निये, वेशीजवळच्या बौद्धवाडीत दहाच्या दहा घरे फोर्निये. नवा पोस्टमन आला की त्याचा पहिला महिना डोके धरण्यात जातो.

गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची एक गोल भट्टी आहे. घुमट माणसापेक्षा उंच, तोंड मात्र इतके बुटके की वाकल्याशिवाय आत दिसत नाही. पाहुण्यांना तिथवर नेण्याचे काम भागवतअण्णांचे. आयुष्यभर एसटी चालवली, आता सत्तरी ओलांडली, पण चढण आली तरी बोलणे थांबत नाही. भट्टीजवळ मात्र ते आधी वहाणा काढतात. “तुमच्याही काढा,” म्हणतात. “देऊळ नाही हे. तरी काढा.”

“तुम्ही मूळचे फ्रान्सचे का?” असे कुणी ना कुणी विचारतेच.

“माझ्याकडं बघून काय वाटतं तुम्हाला?” अण्णा हसतात, आणि मग खालची हकिगत सांगतात.

फ्रान्स देशात, बर्फाच्या डोंगरांत, जुन्या काळी गावोगाव एकच भट्टी असे. सगळ्या गावाने पीठ मळून तिथे आणायचे, आपापल्या उंड्यावर आपली खूण करायची आणि भाजून न्यायचे. ती भट्टी जो राखी त्याला म्हणत फोर्निये. आपल्याकडे कुणी कुलकर्णी झाला, कुणी पाटील, तसेच हे. गाव तितक्या भट्ट्या आणि भट्टी तितके फोर्निये; एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेलच असे नाही.

अशाच एका गावात पिएर फोर्निये नावाचा भट्टीवाला होता. एका हिवाळ्यात गावात साथ आली, आणि जिच्या घरी आजारी माणसे होती अशी एक बाई उंडा घेऊन आली. रांगेतली माणसे मागे सरकली. तिचा उंडा आत गेला तर आमचे बाहेर काढ, असे ती माणसे पिएरला म्हणाली. पिएर वाईट नव्हता, भिडस्त होता. तो तिला म्हणाला, “उद्या आण.” बाईने उंडा पदराखाली घेतला आणि गेली. त्या रात्री बर्फाने वाटा बुजल्या. चौथ्या दिवशी तिच्या घराचे दार फोडले तेव्हा ती आणि तिची तीन मुले चुलीभोवती बसलेली सापडली, आणि कच्चा उंडा मधोमध होता.

असे सांगतात की त्याच आठवड्यात त्या भट्टीचा घुमट आपोआप तडकला. पिएरने पुन्हा तिच्यात जाळ घातला नाही. बायकोमुलांना घेऊन तो डोंगर उतरला, आणि उतरताना त्याने आपल्या वंशाला शपथ घातली: या नावाचा माणूस भट्टीवर बसला तर कुणाचा उंडा परत करणार नाही.

नाव असे चालू लागले. पिएरचा मुलगा बंदरात जहाजांसाठी पाव भाजू लागला. नातू जहाजावरच चढला आणि पाँडिचेरीला उतरला. पणतू आंत्वान तिथेच जन्मला. फ्रान्स त्याने कधी पाहिलाही नाही. ज्याला पिठाची आग कळते त्याला काशाच्या धातूचीही कळते, म्हणून तो तोफा ओतायला शिकला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका मराठा सरदाराने त्याला या गडावर आणून ठेवले. गडाखालच्या उपळे गावातली माणसे त्याला आंतोबा म्हणू लागली. लग्न नाही, मूल नाही, नात्यागोत्याचे कुणी नाही. जेवणाचे ताट सदरेच्या मुदपाकखान्यातून यायचे.

मग गडाला वेढा पडला. उपळ्यातली त्रेसष्ट घरे मुलाबाळांसकट वर चढली. कोठारात जोंधळा आणि नाचणी तुडुंब होती. नव्हते ते सरपण. गडाचे डोके म्हणजे उघडा कातळ आणि रान सगळे खाली, शत्रूच्या हातात. दारे, खाटा, नांगर जाळून झाले आणि पोरे कच्चे दाणे चघळू लागली. त्यांची पोटे बिघडली. धान्याच्या ढिगावर बसून माणसे उपाशी मरणार, अशी वेळ आली.

लाकूड राहिले होते फक्त आंतोबाच्या ओतशाळेत, नव्या तोफेसाठी ठेवलेले. किल्लेदार हैबतराव त्याला म्हणाला, “आंतोबा, तोफ काही खाता येत नाही. हे वाटून टाक.”

आंतोबाने हिशेब सांगितला. त्रेसष्ट चुलींना ते चार दिवस पुरेल. एका भट्टीला दहा दिवस. त्याने तोफेची भट्टी मोडली आणि तिच्याच दगडांतून ही गोल भट्टी रचली. मग दवंडी पिटवली: ज्याने त्याने पीठ मळून आणावे, जाड रोट थापावा, आपली खूण करावी. कुणी विळा उमटवला, कुणी बेलाचे पान, कुणी नुसती पाच बोटे.

रांगेच्या शेवटी महारवाड्यातल्या दहा घरांच्या बायका होत्या, त्यांच्या पुढे राही. धाकू वेसकराची बायको. वेसकर म्हणजे वेशीचा राखणदार, जातीने महार. तिच्या रोटावर नवऱ्याच्या काठीची खूण होती. जावजी पाटील पुढे आला.

“आंतोबा, हिचा रोट आत गेला तर आमचे बाहेर काढा.”

आंतोबाच्या डोक्यात एकच विचार आला: यांनी रोट उचलले तर सगळी पोरे मरतील, निदान आजचा दिवस तरी निभावू दे. तो राहीला म्हणाला, “मावशी, उद्या आण.”

राहीने रोट पदराखाली घेतला आणि चालू लागली.

आंतोबाने दगडाचे झाकण लावले. आणि म्हणे त्याचा हात त्या दगडावरून निघेना. आपण काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू आले. ज्या दोन शब्दांपासून त्याचे घराणे तीन पिढ्या पळत होते, ते त्याच्याच तोंडून, परक्या भाषेत, परक्या कड्यावर निघाले होते.

त्याने झाकण ओढून खाली टाकले. भट्टीचे तोंड भाजणी अर्धी असताना उघडत नाहीत. आतली धग जाते आणि रोट बसतात, मग ते कुत्रेही खात नाही. त्रेसष्टमधल्या त्रेपन्न घरांचे त्या दिवसाचे अन्न त्याने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मातीत घातले. बायकांनी हंबरडा फोडला. जावजीने कमरेच्या तलवारीला हात घातला.

आंतोबाने तोडक्या मराठीत पणजोबाची हकिगत सांगितली. त्या बाईची, तिच्या तीन मुलांची. “आम्ही पळत पळत इथवर आलो,” तो म्हणाला. “आता पुढं कडाच हाय. आदी राहीचा रोट. न्हाईतर जाळ इझवतो. मग मला मारा.”

मग जावजीची म्हातारी आई गोदूबाई काठी टेकत पुढे आली. तिचा लहान नातू दोन दिवस डोळे उघडत नव्हता. ती लेकाला म्हणाली, “जावज्या, तुझ्या बापानं वेशीची राखण त्यांच्यावर सोपवली, तवा बाटला न्हाईस. आता रोटानं बाटतोस व्हय रं?” आणि तिने स्वतः राहीला हाक मारली. बसलेले रोट बाहेर काढले, घरोघर पुन्हा पीठ मळले. आधी राहीचा रोट आत गेला, त्याला लागून गोदूबाईचा गेला. मग बाकीचे.

त्या दिवसापासून आंतोबा भट्टीपुढून उठला नाही. झाकण लावण्याआधी तो तीनदा ओरडायचा, “कुणाचं राहिलं?” तिन्ही वेळा उत्तर आले नाही तरच झाकण लागायचे.

आता इथे अण्णांचा आवाज खाली येतो. दहा दिवसांचे लाकूड चाळीस दिवस पुरले. जाणती माणसे सांगतात, दगड जाड, त्यात भट्टी कधी थंड पडली नाही, म्हणून थोडक्यात भागले असेल. असेल. पण दहाचे चाळीस? म्हातारी माणसे म्हणत, तिसाव्या दिवशी आत नुसती राख होती, एक निखारा दिसत नव्हता, आणि तरी रोट फुगून वर येत होते. ज्यांनी ते पाहिले त्यांनी नुसते हात जोडले.

चाळिसाव्या दिवशी सकाळी शत्रूचे तंबू उठले. गडावर शिंगे वाजली. माणसे रडत, हसत भट्टीकडे धावली. आंतोबा नेहमीच्या जागी बसला होता, पाठ भिंतीला, हात झाकणावर. जावजीने खांद्याला हात लावला तर तो कलंडला. लहान मुलासारखा हलका झाला होता. आतले रोट नीट भाजून तयार होते, एकही करपला नव्हता.

कशाने गेला? शोध सुरू झाला तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. भट्टी पेटली त्या दिवशी सदरेचा मुदपाकखाना बंद झाला होता. धान्य घरामागे वाटले गेले, आणि आंतोबाला घरच नव्हते; त्याचा वाटा कुणीच काढला नव्हता. पाटलांना वाटले, फिरंग्याला किल्लेदार पोसत असेल. किल्लेदाराला वाटले, एवढे गाव आहे, कुणी तरी देतच असेल. आणि भट्टीवाल्याने दुसऱ्याच्या उंड्यातले चिमूटभरही घ्यायचे नाही, मागायचे तर नाहीच, हा त्याच्या घराण्याचा जुना दंडक. नाहीतर लोक भट्टीवाल्याला चोर म्हणतात. चाळीस दिवस तो साऱ्यांना विचारत राहिला, कुणाचं राहिलं. त्याला कुणी विचारले नाही.

फक्त राही रोज आपल्या रोटातला चतकोर त्याच्या हातावर ठेवत असे. त्यावर त्याने बत्तीस दिवस काढले. शेवटचे आठ दिवस राही तापाने पडून होती.

गोदूबाई भट्टीपुढे बसली आणि ऊर बडवून रडली. “माझ्या नातवाला घास दिलास आन् म्या तुला पुसलं न्हाई रं लेकरा!” जावजीने पागोटे काढून जमिनीवर ठेवले. आंतोबाला भट्टीच्या मागेच पुरले.

गाव खाली उतरले, तर वेशीवर पंचक्रोशीचे पंच बसलेले. ते म्हणाले, एका भट्टीतले, वेसकराच्या रोटाला लागलेले अन्न खाल्ले, तुम्ही सगळे वाळीत. पंचांनी वाटही दाखवली: सांगा, की त्या फिरंग्याने फसवून खाऊ घातले, त्याच्या नावाने थुंका, प्रायश्चित्त घ्या, ज्याचे त्याचे कूळ ज्याला त्याला परत मिळेल.

जावजी पाटील हा तोच, ज्याने रांगेत राहीला अडवले होते. तो म्हणाला, “आमची कुळं तुमच्यापाशी ठेवा. त्या माणसाला मागं कुणी न्हाई. आजपासनं आमी त्याची माणसं. लिवून घ्या, जावजी फोर्निये.” त्याच्यामागून गुरवाने सांगितले, फोर्निये. धाकू वेसकराने सांगितले, फोर्निये. त्रेसष्ट घरे एकामागून एक बोलली आणि तशीच वळून पुन्हा गड चढली. भट्टीच्या सावलीला जे गाव वसले, ते हे भट्टीमाळ. खालचे लोक सोयरीक करीनात, मग यांनी आपसातच लेकी दिल्या. फ्रान्समधली ती शाखा आंतोबापाशी तुटली होती, ती इथे चारशे माणसांची झाली.

आजही माघ वद्य दशमीला, आंतोबाच्या तिथीला, भट्टीमाळात चूल पेटत नाही. घरोघरचे रोट आपापली खूण घेऊन भट्टीवर येतात. भट्टीपुढे बसण्याचा मान दरवर्षी नव्या घराला, पाळीने. यंदा बौद्धवाडीतल्या सुमनची पाळी होती. पुण्यात परिचारिका आहे, सुट्टी काढून आली. सगळे रोट आत गेले. तिने झाकणावर हात ठेवला आणि तीनदा विचारले, “कुणाचं राहिलं?” कुणाचेच राहिले नव्हते. झाकण मात्र तिने लावले नाही, कारण ते तसे लागतच नाही. लहानथोर, पोरेसोरे, आलेले पाहुणेसुद्धा, सारा माळ मिळून तिला विचारतो:

“सुमन, तुझं टाकलंस का गं?”