टणक पोटऱ्या

कडा चढून कुणीतरी गडावरचं धान्य पळवलं, तेव्हा किल्लेदाराने हुकूमच सोडला, की ज्याच्या पोटऱ्या टणक, त्याच्या टाचेमागची शीर तोडा. गडाच्या पायथ्याशी दोघांच्या शिरा तुटल्या. मग पाळी आली कड्यावरचा मध काढणाऱ्या धाकूची.

पालखीत बसूनच किल्लेदाराने त्याची पोटरी काठीने टोचली. "दगड झालाय नुसता. हीच चोराची खूण."

"मग सरकार, आधी तुमचे भोई धरा," धाकू सावकाश म्हणाला. "मी मोकळा चढतो. हे रोज तुम्हाला खांद्यावर घेऊन चढतात. यांच्या पोटऱ्या चाचपून बघा."

किल्लेदाराने वर गडाकडे पाहिलं, मग आपल्या काडीसारख्या पायांकडे. हुकूम मागे घेतला.

धाकूने शिरा तुटलेल्या त्या दोघांना आळीपाळीने पाठीवर घेतलं आणि घरी पोचवलं.