एसीच्या रिमोटचे दोन सेल

आमच्या नगरपालिकेचा पंप दोन दिवस बंद होता आणि गावाचे नळ कोरडे पडले होते. बिघाड शोधायला मल्टिमीटर हवं, आणि त्याचे दोन्ही सेल संपलेले. वायरमन रुक्साना तांबोळी नवे सेल मागायला भांडारप्रमुख अष्टेकरसाहेबांकडे गेली. साहेब भर मे महिन्यात एसी सोळावर लावून अंगावर शाल घेऊन बसायचे.

“जुने सेल किती व्होल्ट दाखवतात, तो आकडा अर्जावर लिहा. नियम आहे,” साहेब म्हणाले.

“साहेब, आकडा मीटर दाखवतं, आणि मीटर सेलशिवाय चालत नाही.”

“ते तुमचं तुम्ही बघा.”

रुक्सानाने बघितलं. टेबलावरचा एसीचा रिमोट उचलून त्यातले सेल तिने मीटरमध्ये घातले आणि मीटरचे संपलेले सेल रिमोटमध्ये बसवले.

साहेबांनी बटण दाबलं. एसी ऐकेना. त्याचा स्विच फायलींच्या कपाटामागे होता, आणि कपाट हलवायला वेगळा अर्ज लागायचा. शाल कानांवर ओढत साहेब म्हणाले, “अहो तांबोळीबाई, मला सेल लागतील.”

“घ्या की साहेब. फक्त रिमोटमधले सेल मोजून आकडा अर्जावर लिहा,” मीटर पिशवीत टाकत रुक्साना म्हणाली. “मीटर मी पंपावर नेतेय. नळाला पाणी आलं की आणून देते.”

संध्याकाळी पाणी आलं. भांडाराच्या फळ्यावरचा आकड्याचा नियम तोवर खोडलेला होता. खोडल्याखाली केलेली साहेबांची सही मात्र फार थरथरलेली होती.