खुर्च्यांवर राहिलेले रोल

कॅमेऱ्याची फिल्म बनवणारी एक कंपनी एका मध्यम शहरात होती. नाव छायाप्रभा. लग्न असो, मुंज असो, तिथले फोटो छायाप्रभाच्या रोलवरच निघायचे. शहरातल्या बऱ्याच लोकांनी तिचे शेअर घेतले होते. अशी कंपनी कधी बुडते का, असं म्हणून ते निवांत झोपत.

चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका इंदुमतीबाई कारखानीस यांचाही तिच्यात वाटा होता. शाळा खासगी, त्यामुळे पेन्शन नाही. मागेपुढे कोणी नाही. आयुष्यभराची सगळी शिल्लक त्यांनी छायाप्रभात घातली होती आणि दरवर्षी येणाऱ्या लाभांशावर त्यांचं घर चालत होतं. तो थांबला, तर चूल कशी पेटणार हा प्रश्नच होता.

दरवर्षी कंपनीची सभा भरे. भागधारक इस्त्रीचे कपडे घालून येत. भाषणं कोण ऐकतंय! सगळ्यांचं लक्ष चहाच्या सुट्टीकडे. सुट्टीत बटाटेवड्याचा डबा मिळे आणि भेट म्हणून एक फिल्मरोल. पूर्वी त्या रोलसाठी झुंबड उडायची. न आलेल्या बायकोच्या नावानेही लोक एखादा जास्तीचा उचलायचे.

त्या वर्षी मात्र डबे फस्त झाले आणि रोल खुर्च्यांवर तसेच पडून राहिले. घरोघरी मोबाइल आले होते, फोटो त्यावरच निघत होते. फुकटचे रोल, आणि तेही कंपनीच्या मालकांनीच टाकून दिलेले! बाईंनी आपल्या रांगेतले रोल मोजले.

शेजारच्या खुर्चीत त्यांच्याच आळीतला शेअर दलाल गजाभाऊ बसला होता. बाईंनी त्याला रोल दाखवले. गडी हुशार, त्याला लगेच उमगलं.

"काकू, आज अगदी गप्प बसा," तो कुजबुजला. "उद्या सकाळीच तुमचे सगळे शेअर विकून देतो. मग काय बोलायचं ते बोला."

"घेणार कोण?"

"घेईल की कोणीतरी."

"म्हणजे ज्याला हे कळलेलं नाही, असाच कोणीतरी ना?"

गजाभाऊ बोटातली अंगठी फिरवत बसला. बाई मात्र आतून हलल्या होत्या. गप्प बसलं तर म्हातारपण सुखात जाणार होतं. बोललं तर स्वतःच्याच ताटात माती कालवल्यासारखं होणार होतं. त्यांना भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी सुट्टी संपताच त्या उभ्या राहिल्या.

"मला बोलायचंय. आपला माल आपणच फुकटसुद्धा घेईनासे झालोय. आजूबाजूच्या खुर्च्या बघा. मीही माझा रोल खुर्चीखालीच सरकवला. जे आपल्याला नको, ते लोकांनी विकत घ्यावं असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?"

सभागृहात एकच गलका झाला. "बाई, खाली बसा!" "शेअर पाडायचेत का आमचे?" मघाशी वडा खाऊन सुस्तावलेली माणसंही तावातावाने उठली.

अध्यक्ष त्र्यंबकराव शेजवलकर व्यासपीठावरून सगळं ऐकत होते. कंपनी त्यांच्या वडिलांनी उभी केलेली. बाईंचं बोलणं हसण्यावारी नेणं त्यांना सहज जमलं असतं, लोकांनाही तेच हवं होतं. त्यांनी माइक जवळ ओढला.

"गेल्या वर्षभरात ज्यांनी आपल्या रोलवर एक तरी फोटो काढला, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. त्र्यंबकरावांचे स्वतःचे हातही टेबलावरच होते. ते त्यांनी सगळ्यांना दिसू दिलं, हे मला फार मोठं वाटतं.

"बाईंचं खरं आहे," ते म्हणाले. "उजेड पकडायची विद्या आपल्याकडे आहे, ती दुसरीकडे वापरावी लागेल. त्याला पैसा लागेल. यंदाचा लाभांश सोडायला कोण तयार आहे?"

पहिला हात इंदुमतीबाईंचा होता. ज्या पैशावर त्यांची चूल पेटत होती, तोच पैसा त्या सोडत होत्या. त्यांना बघून एकेक हात वर होत गेला आणि ठराव जेमतेम मंजूर झाला.

शेअर पडायचे ते पडलेच. बाजारात लोक बाईंना पाहून तोंड फिरवत. बाईंनी ओसरीवर मुलांचे चित्रकलेचे वर्ग सुरू केले आणि पोटाला चिमटा घेऊन दिवस काढले. लाभांश पुढची काही वर्षंही आला नाही. एकदाही त्या कुरकुरल्या नाहीत. अशा माणसापुढे मान आपोआप झुकते. तिकडे कंपनीने फिल्मचे कारखाने आवरते घेतले आणि त्याच कारागिरांना हाताशी धरून दवाखान्यांसाठी एक्स-रेचं चित्र थेट पडद्यावर दाखवणाऱ्या नव्या प्लेट बनवायला घेतल्या. कितीतरी प्लेट बिघडल्या, मग जमू लागल्या. लाभांश पुन्हा सुरू झाला, आधी थोडा, नंतर बरा.

एके दिवशी बाईंचा पाय अंगणात मुरगळला. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. तरुण डॉक्टरीणबाई पडद्यावर बघत म्हणाल्या, "आजी, केसासारखी बारीक चीर आहे. जुन्या प्लेटवर ही दिसलीच नसती आणि तुम्ही तशाच चालत राहिला असता. छायाप्रभाची प्लेट आहे, फार स्वच्छ दिसतं."

पाय ठणकत होता, तरी बाई खुदकन हसल्या.

"दिसणारच. कंपनी माझी आहे."

तात्पर्य: शेअर घेतला म्हणजे फक्त नफ्यात वाटा मिळत नाही. तोटा सोसूनही जो आपल्या कंपनीला खरं ऐकवतो, तोच तिचा खरा मालक.