निळे हात आणि फुकटचा गणक

तथागत जेतवनात राहत होते, तेव्हा सुगंधी तेलांचा एक लहान व्यापारी उपदेशाला येत असे. एक दिवस तो भलताच खुशीत होता. शेजारी बसलेल्याला तो हळूच सांगत होता, "हिशेब ठेवणारा जुना गणक सोडून दिला. नवा कार्षापणाचे एक नाणेही मागत नाही. करात जे वाचवून देईल, त्यातले अर्धे त्याचे." हे तथागतांच्या कानावर गेले. ते म्हणाले, "उपासका, असा गणक तुला आजच मिळाला असे नाही. पूर्वीही तू एक ठेवला होतास." मग त्यांनी ही गोष्ट सांगितली.

शूर्पारक बंदरात एक भला राजा राज्य करीत होता, त्या काळात बोधिसत्त्व एका गणकाच्या कुळात जन्मले आणि वयात आल्यावर बापाचेच काम करू लागले. व्यापारी तांडे नेणाऱ्या मोठमोठ्या सार्थवाहांचे हिशेब त्यांना सहज मिळाले असते. पण त्यांनी आपले आसन बाजाराच्या टोकाला, कुंभार, तेली आणि रंगारी यांच्या वाटेवर मांडले.

नवा माणूस आला की खाली बसायच्या आधीच विचारी, "गणक घेतो किती?" बोधिसत्त्व म्हणत, "ते तू मला सांगायचे. माल किती जणांकडून घेतोस, उधारी किती जणांना देतोस, हाताखाली माणसे किती, आणि हे सगळे नीट लावून आणणार आहेस की गोणीत भरून? लावून आणलेस तर दर पौर्णिमेला दोन कार्षापणे. गोणी आणून ओतलीस तर चार, कारण दोन ती उपसण्यातच जातील." लोक हसत, दोन कबूल करीत आणि गोणी घेऊन येत.

त्याच बाजारामागे रंगाऱ्यांची आळी होती आणि तिथे सोमिल नावाचा रंगारी राहत होता. तो निळीचे काम करी. निळीचे पाणी रांजणात आंबवावे लागते, त्याला गूळ घालावा लागतो, चुना घालावा लागतो आणि तान्ह्या मुलासारखे जपावे लागते. एवढे करूनही एखाद्या गारठ्यात ते मरते. सोमिलचा पहिलाच रांजण असा मेला होता. तेव्हा शेजारच्या कण्हा नावाच्या विधवेने आपल्या रांजणातले घागरभर जुने पाणी त्याला विरजणासारखे दिले होते आणि मोबदल्यात काही घेतले नव्हते. सोमिलचा सगळा धंदा त्या एका घागरीवर उभा राहिला होता.

या आळीची एक रीत होती. राजाला द्यायचा कर माणसामाणसावर नसे, तो सगळ्या आळीवर मिळून ठरलेला असे. वर्षाच्या शेवटी रंगाऱ्यांची सभा भरे. प्रत्येकजण उपरणे काढून, उघड्या हातांनी उभा राहून वर्षभराचे काम सांगे आणि त्या प्रमाणात कराचा वाटा उचले. ज्याला काम जास्त, त्याची नीळ कोपराच्या वर चढलेली असे. हात मात्र कोणी निरखून पाहत नसे. सांगितलेला शब्द धरायचा, असा आळीचा शिरस्ता होता.

सोमिलचे काम वाढले तशी त्याला बोधिसत्त्वांना हिशेबाची द्यायची दोन कार्षापणे जड वाटू लागली. धंदा लहान असताना ती त्याने कधी मोजली नव्हती. अशा वेळी कुरंटक नावाचा एक गोड बोलणारा गणक त्याला भेटला. "सोमिलशेठ, मी तुमच्याकडून काहीच घेणार नाही. जे वाचेल त्यातले निम्मे माझे," तो म्हणाला. आजवर सोमिलला शेठ असे कोणी म्हटले नव्हते. त्याला ते फार आवडले.

तो बोधिसत्त्वांकडे जाऊन म्हणाला, "तुम्ही दोन घेता आणि तो काहीच घेत नाही. तुम्हीही तसेच करा, नाहीतर मी चाललो."

बोधिसत्त्व म्हणाले, "जो तुझ्याकडून घेत नाही, तो दुसऱ्या कोणाकडून घेतो. तुमच्या आळीचा कर ठरलेला आहे, सोमिला. तुझा वाटा कमी झाला तर तो नाहीसा होत नाही, कोणाच्या तरी दारात जाऊन बसतो. ते काम मी करणार नाही."

"पोटावर पाय आला की सगळे असेच बोलतात," असे म्हणून सोमिल उठला. बोधिसत्त्वांनी त्याला अडवले नाही. एक कायमचे गिऱ्हाईक गेले, तरी त्यांनी आपला दोन कार्षापणांचा दर सोडला नाही.

सभेच्या सकाळी कुरंटकाने सोमिलला एवढेच शिकवले, "काम निम्मे सांगा. आणि शेठ, उपरणे काढू नका. विचारलेच तर अंगात कणकण आहे म्हणा." सोमिल सभेत उपरण्यात हात गुंडाळून उभा राहिला आणि निम्मे काम सांगून खाली बसला. कोणी काही विचारले नाही. उलट कण्हाने आपली घोंगडी त्याच्याकडे सरकवली. पुढच्या वर्षीही त्याने तेच केले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कण्हा आपला मोठा रांजण विकणार असल्याचे आळीत कळले. सोमिलच्या हाती वाचलेले पैसे होतेच. तो बैलगाडी घेऊन गेला आणि कण्हाने जे मोल सांगितले, त्यातही त्याने घासाघीस केली.

रांजण गाडीतल्या गवतावर ठेवून झाल्यावर कण्हा म्हणाली, "वाटेत झाकण उघडू नकोस, बाबा. गुळाआधी चुना घाल. माझ्या सासूच्या हातचं पाणी आहे ते. तुझ्याकडे जातंय म्हणून बरं वाटतं, परक्याला दिलं असतं तर जीव तुटला असता."

"पण काकी, विकताय कशाला?" सोमिलने विचारले. खरे तर त्याने गाडी हाकायच्या आधी सहज म्हणून विचारले होते.

"कर झेपेना रे. दोन वर्षं आळीचं काम कमी झालंय म्हणतात. तू तरी काय करणार, तुझंच निम्म्यावर आलं. मी बापडी होतं तेवढं सांगत गेले, तर वाटा माझ्याच अंगावर चढला." मग तिने त्याच्या उपरण्याकडे पाहिले. "तुझी ती कणकण गेली का?"

सोमिलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बोधिसत्त्वांनी सांगितलेले दार कोणाचे होते, ते त्याला तिथेच कळले. त्याच दारात उभे राहून आपण घासाघीस केली, याची त्याला इतकी लाज वाटली की बैलांच्या डोळ्यांकडेही त्याला पाहवेना. त्याने गाडी हाकली, पण ती घरी नेली नाही. ती त्याने बाजाराच्या टोकाला नेऊन उभी केली.

बोधिसत्त्वांनी सगळे ऐकून घेतले. मी सांगितले होते, असे ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "रांजण आज परत कर. सभा बोलावून घे. तिथे काय सांगायचे ते तुला ठाऊक आहे."

"आणि तुमचे पुन्हा किती द्यायचे?" सोमिलने मान खाली घालून विचारले.

"यंदा चार. दोन वर्षांचे गुंते सोडवायचे आहेत. ते सुटले की पुन्हा दोन."

सोमिलने या वेळी घासाघीस केली नाही.

सभा भरली. सोमिल मध्ये जाऊन उभा राहिला आणि त्याने उपरणे काढले. नीळ दंडापर्यंत चढलेली होती. आळीत तेवढे निळे हात दुसऱ्या कोणाचेच नव्हते. तो म्हणाला, "दोन वर्षं माझा वाटा तुम्ही भरलात. सगळ्यांत जास्त काकींनी भरला." इतकी वर्षे हात न निरखणाऱ्या त्या माणसांनी त्या दिवशीही नजर वळवली, आणि तेच त्याला सगळ्यांत जड गेले. कोणी दोन शब्द सुनावले असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. त्याने सगळ्यांचे सगळे फेडले. त्यात त्याचा स्वतःचा एक रांजण गेला.

सभेनंतर कण्हाने परत आलेल्या रांजणाचे झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "चुना कमी पडलाय. उद्या घेऊन ये." सोमिल दुसऱ्या दिवशी चुना घेऊन गेला आणि पुढे जन्मभर नेत राहिला.

गोष्ट संपवून तथागत म्हणाले, "त्या वेळची कण्हा म्हणजे विहाराच्या दाराशी पाणी देणारी आपली वृद्ध उपासिका. सोमिल म्हणजे हा तेलाचा व्यापारी. बाजाराच्या टोकाला बसणारा गणक मीच होतो." कुरंटक आज कोण आहे, हे त्यांनी सांगितले नाही. तरीही तिथे उपदेशाला बसलेल्या दोघातिघांनी खाली पाहिले. मग तथागत म्हणाले, "वाईट करताना आपली आपल्याला वाटते ती लाज, तिला हिरी म्हणतात. ती उशिरा आली तरी तिला दारातून परत पाठवू नये."

तेलाचा व्यापारी उठला, दाराशी गेला आणि त्या वृद्ध उपासिकेने पुढे केलेले पाणी घ्यायला त्याचे हात काही केल्या पुढे होईनात.